कोलंबसच्या खालची जमीन

बाजारात डांगरं आली. डांगर म्हणजे तुमचं ते खरबूज. मेहरूणच्या रस्त्याला हातगाड्या उभ्या राहिल्या, कुंभारानं पोत्यावर लाल घागरी मांडल्या. आखाजी जवळ आली. पंचांगात तिला अक्षय तृतीया म्हणतात, आमच्या खान्देशात आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, घरोघर आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ज्या घरातून वर्षात कोणी उठून गेलं असेल, त्या घरची घागर जड. यंदा ती माझ्या घरी. माझी बायको इंदू पोळ्याच्या आधी गेली.

घागर घ्यायला गेलो तर निवडता येईना. बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. खणखणली तर चांगली, भदभदली तर कुठंतरी तडा. हे काम इंदूचं होतं. मी आपला एकेक उचलून वाजवत बसलो, मला सगळ्यांचा आवाज सारखाच. कुंभारीण हसून म्हणाली, "आबा, एवढाले कान, तरी कळत नाही का?" मी हसलो नाही. इंदूचं रोजचं बोलणं तेच होतं. "देवानं सुपाएवढे कान दिले, पण आत काही जात नाही." माझे कान आहेतच तसे. मी चौथी शिकलेला माणूस, वर्गात मास्तरांना धरायला सोपा जायचो.

लिहायची मला सवय नाही. पण या आखाजीला मला जे कळलं ते तोंडानं कोणाला सांगता येईना. म्हणून लिहितो. शुद्धलेखन तुम्ही सांभाळा.

जळगावहून धुळ्याकडं निघालं, की गावाबाहेर डाव्या हाताला आमची बाग होती. पाटीवर मोठं इंग्रजी नाव होतं, पण लोक नुसतं बाग म्हणत. झाडं थोडी, लोखंड जास्त. आकाशपाळणा, लहान पोरांची झुकझुक गाडी, गोल फिरणारे घोडे, आणि कोलंबस. कोलंबस म्हणजे लोखंडी होडी. दोन्ही टोकांना राक्षसाची तोंडं, आत बाकडी. खाली खड्ड्यात मोटारीवर टायर बसवलेला. टायर फिरला की होडीच्या पोटाला ढकलतो आणि होडी झोक्यासारखी वर जाते, मागं येते, परत वर जाते. त्याला कोलंबस का म्हणत ते मला माहीत नाही. मी त्याच्या दांड्यावर उमर काढली. दांडा पुढं ओढला की माणसं ओरडत, मागं ओढला की गप्प होत. दुसरी विद्या मला आली नाही.

ती जमीन माझ्या सासऱ्याची. आधी कापूस होता, मग विहिरीला पाणी लागलं तशी केळी. मधोमध एक निंब, असा पसरलेला की खाली दहा बैल बसावेत. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी इंदूला तिथं झोक्यावर पाहिली. पाय दुमडून उभी, पदर कमरेला खोचलेला, पानांत जाऊन परत येणारी. मी धुळ्याकडचा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा. तिच्या बहिणी मला वेडावत, "काय शे पाव्हणं, कसं शे?" मी लाजून रस वाढून घेत होतो आणि डोळा तिकडं होता. एवढ्या उंच गेल्यावर माणसाला भीती कशी वाटत नाही, असं मला वाटलं होतं. पुढं बागेत तीच इंदू एकदाही कोलंबसात बसली नाही. मी किती वेळा म्हटलं, बस, पैसे थोडेच लागणार तुला. तर म्हणे, गरगरतं.

भावकीनं मिळून ती जमीन शेठला विकली. शेठ मूळचे राजस्थानकडचे, कापडाच्या दुकानातून वर आलेले, शब्दाचे पक्के. घरातल्या एका माणसाला बागेत काम देतो म्हणाले. मेहुण्याला नको होतं, मी जिनिंगमध्ये कापसाचा फुफाटा खाऊन कंटाळलो होतो. शेठनं मला झुकझुक गाडीवर घेतलं. सावलीतलं काम, बसून शिट्टी वाजवायची. इंदूनं घरात तोंड फुगवलं. "तुम्ही कोलंबस मागून घ्या." का, तर म्हणे त्याच्यावर मान आहे. मी बावळट. मानासाठी उन्हात उभा राहिलो.

आखाजीच्या हंगामात बागेला ऊत येई. गावागावांतले निंब पडले, रस्ता रुंद झाला, वाडे पाडून घरं झाली. माहेरवाशिणींनी झोका बांधायचा कुठं? त्या सगळ्या आमच्याकडं येत. टेम्पो भरून पोरी, हिरव्या बांगड्या, हातावर ओली मेंदी, पिशवीत सांजोऱ्या. गौराईची गाणी म्हणत बसत आणि होडी वर गेली की गाण्याचं मधेच किंचाळणं होई. खाली आली की पुन्हा तिथूनच गाणं. एखादी सासरची रड सगळी तिथं ओरडून घेई. मला कळायचं. ती भीती नसे, घशात अडकलेलं काहीतरी असे. उतरताना तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसे.

लोखंड एवढं तापे की दांड्याला मी ओलं फडकं गुंडाळी. डांबर, ग्रीस, भाजलेले शेंगदाणे, पोरींच्या गजऱ्यांचा सुकलेला मोगरा. तो वास अजून माझ्या नाकात आहे. शेंगदाणे इंदूचे. ती टोपली घेऊन बसे, पण कुठं? झुकझुक गाडीपाशी बदामाची गार सावली होती. ती सोडून कोलंबसच्या कठड्याला टेकून, कडक उन्हात, डोक्यावर ओला पंचा घेऊन. शेठ स्वतः म्हणाले, "बाई, सावलीत बसा, चक्कर येईल." ही म्हणे, "इथंच बरं आहे." आकाशपाळण्यावरचा गफूरभाई मला चिडवी, "नथ्थूभाई, भाभीला तुझ्यावर भरोसा नाय. नजर ठेवून बसते." मला वाटे, असेलही. बरंही वाटे.

आखाजीच्या सकाळी मात्र ती ऐकत नसे. रोज बाग उघडायच्या आधी होडीत वाळूची पोती टाकून आम्ही एक फेरा घेत असू, नटबोल्ट बोलतात का ते ऐकायला. आखाजीला इंदू म्हणे, "पोती काढा. एक फेरा रिकामा सोडा." आणि स्वतः कठड्याशी उभी राहून तांब्यातलं पाणी खड्ड्याच्या कडेला हळूहळू ओती. गफूरभाई कपाळाला हात लावी. "भाभी, रिकामा झुला हिलवायचा नसतो, घराला अच्छा नाय." ही म्हणे, "तुम्ही तुमचा पाळणा बघा, भाईजान." मी दांडा ओढी. होडी नुसतीच वर जाई, वारा कापत, आणि इंदू मान वर करकरून तिच्याकडं बघे. मला वाटे कोलंबसची दृष्ट काढते. नवऱ्याच्या हातून कोणी पडू नये म्हणून करते. बाईमाणसाचं मन, करू दे.

घरी आलो की दुपारी उंबरठा धुऊन पूजा. ओल्या कुंकवाचं एकेक बोट उंबरठ्यावर उमटवायचं आणि दर बोटाला घरातल्या एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचं. मी नावं सांगे, ती बोटं उमटवी. वडील, आई, आजा, धाकटा भाऊ. नावं संपली तरी तिचं एक बोट पुढं उमटे. "अगं, संपली की." "असू दे, बोटाला कुंकू उरलं होतं." दर वर्षी तिच्या बोटाला कुंकू उरे. मी दर वर्षी म्हणे, पाणी कमी घाल.

आणखी एक सांगतो. आमचं पहिलं मूल मुलगी होती. सुरतला असतो तो मुलगा तिच्या नंतरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून इंदू वडिलांच्या शेतातल्या घरी होती आणि मी धुळ्याला जिनिंगमध्ये. मुलगी झाल्याचा निरोप आला आणि मी पेढे घेऊन निघायच्या आत दुसरा निरोप आला. पोचलो तर सगळं आवरलेलं. इंदू भिंतीकडं तोंड करून पडलेली. सासरे म्हणाले, "गिरणामाईत सोडली." आमच्यात दात न आलेलं मूल जाळत नाहीत. मी तोंडही पाहिलं नाही. तेव्हापासून गिरणेच्या पुलावरून बस गेली की मी हात जोडतो. शेजारी इंदू बसलेली असे. तिनं कधी जोडले नाहीत. खिडकीतून बागेच्या बाजूला बघत राही. मला राग येई. आईचं काळीज एवढं कोरडं कसं, वाटे.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. एकदा माझी बाही ओढून म्हणाली, "आखाजीला रिकामा फेरा विसरू नका." मी म्हटलं, तूच येशील की. म्हणाली, "नाही. तुम्ही सोडा. कबूल?" मी म्हटलं कबूल. तिनं डोळे मिटले, जसं काही घरातलं एक काम उरकलं.

आणि बाग बंद झाली. थोरले शेठ जाऊन वर्षं झाली. त्यांच्या नातवानं मला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं. "आबा, परवडत नाही आता. पोरं मोबाईलमध्येच झोके घेतात." तिथं लग्नाचं कार्यालय आणि लॉन होणार. मी म्हटलं, "कोलंबस आखाजीपर्यंत ठेवा." तो बिचारा चांगलाच आहे. म्हणाला, "भंगारवाला थांबत नाही, आबा." मी काय सांगणार? मेलेल्या बायकोला एक रिकामा फेरा कबूल केला आहे, म्हणून? लोक हसले असते.

होळीच्या सुमाराला मी बघायला गेलो. जायला नको होतं. गॅसचं कटर लावून होडीचे तुकडे करत होते. राक्षसाचं एक तोंड गवतात आडवं पडलेलं, दात वर करून. ज्या दांड्याला मी फडकं गुंडाळत होतो तो कुठल्या ढिगात होता, सापडला नाही. जेसीबीनं खालचा सिमेंटचा कोबा उचकटला, एकच मोठा तुकडा, भाकरी तव्यावरून निघावी तसा. आणि मी हबकलो.

खाली शेत होतं. माझ्या सासऱ्याचं शेत. काळी, ओली, लोण्यासारखी जमीन. एवढी वर्षं ऊन नाही, वारा नाही, वरून एवढी माणसं ओरडून गेली, आणि ती तिथंच होती. मला वाटलं होतं, जमीन विकली म्हणजे गेली. जमीन कुठं जाते? निंबाच्या बुंध्याचं कुजलेलं खोड होतं, बोटानं दाबलं तर भुसा झाला. कडेच्या भेगांत हिरव्या बांगड्यांचे तुकडे, केसांचे आकडे, एक लहान चप्पल. जेसीबीवाला ओरडला, "आबा, काय सोनं सापडतंय का? बाजूला व्हा!" मी बाजूला झालो. चपलांना माती अशी चिकटली होती की पाय उचलेना. फाटकाशी आलो, एक काडी घेतली, आणि तळवे खरवडून स्वच्छ केले. घरात चिखल नेऊ नये, इंदूची शिस्त.

आखाजीच्या आदल्या दिवशी यमुअक्का आली. इंदूची मोठी बहीण, बोदवडला दिलेली. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. स्टेशनवरून रिक्षात आली, आल्या आल्या घागरीला टिचकी मारली. "फुटकी आणली, भाऊ."

"राहू दे. पाणी तर राहतं."

"राहीन संध्याकाळपर्यंत." मग सांजोऱ्यांचा डबा उघडता उघडता म्हणाली, "माती आणून ठेवली ना?"

"कसली माती?"

"बागेतली. कोलंबसच्या खालची. समदं मोडून राह्यले म्हणे."

"मोडलं. माती कशाला?"

डबा तिनं हळूच खाली ठेवला. "इंदीनं तुमले सांगितलं नाही?"

"काय?"

"जातानाबी नाही?"

"अक्का, काय असंल ते सरळ बोला."

"पोरगी तिथं आहे," अक्का म्हणाली. "तुमची. निंबाच्या बुडाशी पुरली होती बाबांनी."

एरवी मी जळगावला आल्यापासून इथलं बोलणं बोलतो. त्या वेळी तोंडातून आईची भाषा निघाली. "काय सांगी राह्यनात, अक्का? गिरणामा सोडी ना तिले!"

"गिरणेले पाणी कुठं होतं, भाऊ? आखाजीचे दिवस. नुसती रेती तापत होती."

गिरणेला उन्हाळ्यात पाणी नसतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. मी तिथूनच तर जात होतो, पुलाखालची कोरडी रेती बघत, हात जोडून. एवढी वर्षं मी रेतीला हात जोडले. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की पाणी नव्हतं तर सोडली कशात.

अक्का बोलत होती, मला मधूनमधून ऐकू येत होतं. बाबांनी मुद्दाम सांगितलं नाही, म्हणाली. जावयाला जागा कळली तर तरणा माणूस तिथंच बसून राहील, कामाला जाणार नाही. बाळंतिणीलाही सांगायचं नव्हतं, पण इंदूनं खिडकीतून पाहिलं. मग जमीन विकली. निंब तोडला त्या दिवशी ही अक्काकडं बोदवडला जाऊन पडली. आणि त्याच जागी झोका बसवणार कळलं, तेव्हा उठून बसली.

"मी म्हटलं, इंदे, नवऱ्याले सांग. तर म्हणे, सांगितलं तर त्यांचा हात उठणार नाही दांड्यावर. मग खाणार काय? आणि दुसरा कोणी उभा राहीन तिथं. परका नको. बाप असू दे."

बाप असू दे. म्हणून ती मला सावलीतून उठवून कोलंबसवर घेऊन आली. म्हणून ती उन्हात बसे. माझ्यावर नजर ठेवून नव्हती बसत, गफूरभाई.

"आणि तो रिकामा फेरा?" मी विचारलं. विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"आखाजीले लेक माहेरी येते ना, भाऊ," अक्का म्हणाली. "झोका नको तिले?"

मला रडू आलं नाही. लोक म्हणतात आभाळ कोसळलं. माझं तसं काही नाही झालं. माझ्या पायाखालचं उघडं पडलं. त्या खड्ड्यात उतरून मी रोज टायर पुसला. तिथं बसून विड्या ओढल्या. भाकरी खाल्ली. दुपारी गार वाटतं म्हणून डोक्याखाली हात घेऊन झोपलो. किती गार वाटे तिथं! मी म्हणे, सिमेंट आहे म्हणून. माझ्या पोरीपासून मी एक हात लांब होतो, सगळी उमर, आणि ते फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस समोर बसून शेंगदाण्याच्या पुड्या बांधत होतं.

अक्काला म्हटलं, उठा. रिक्षा केली. माझ्या डोळ्यांसमोर ती काळी ओली जमीन होती. एक मूठ मिळाली तरी पुरे. घागरीखाली ठेवू, वर पाणी सोडू.

बागेत पोचलो तर जमीन लाल होती. सगळीकडं मुरूम, दाबून सपाट केलेला, वर रोलर फिरत होता. मुकादम पोरगेलासा, टोपी उलटी घातलेला. म्हटलं, "इथली काळी माती कुठं गेली?"

"काढली, आबा. काळीवर बांधकाम उभं राहत नाही. फुगते, आकसते, भिंती फाडते. ती उकरून मुरूम भरावा लागतो."

"पण टाकली कुठं?"

"टाकेल कोण? सोनं आहे ते. केळीवाले ट्रॅक्टर घेऊन आले. फैजपूरकडचे होते, बाकी कुठले कुठले."

"कोणाच्या बागेत नेली?"

"आता ते कसं सांगू, आबा? भरली आणि गेले." मग माझं तोंड बघून जरा नरमला. "काही पडलं होतं का तुमचं?"

अक्का म्हणाली, "हो, पडलं होतं." आणि माझा दंड धरून मला रिक्षाकडं नेलं. ज्या बाईचे गुडघे गेलेत तिनं मला धरून नेलं.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर चपला उलट्या करून पाहिल्या. खाचांत, शिवणीत, टाचेच्या कडेला. नखानं उकरलं. स्वच्छ. मी काम नीट करणारा माणूस आहे. काडीनं सगळी काढली होती.

दुसऱ्या दिवशी आखाजी. अक्कानं मांडे केले. खापरावर टाकताना तिचे हात अगदी इंदूसारखे हलतात, मला बघवेना. रस झाला. फुटकी घागर भरली, तिच्यावर लहान मडकं, मडक्यावर डांगर, दोन आंबे, दोन सांजोऱ्या. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकले. मग उंबरठा धुतला, आणि कुंकवाची वाटी माझ्या हातात आली. या घरात ती वाटी माझ्या हातात कधी आली नव्हती.

वडील. आई. आजा. धाकटा भाऊ. प्रत्येकाचं बोट उमटलं, वेडंवाकडं. मग इंदू. अक्कानं मागून मोठ्यानं म्हटलं, "इंदूबाई," तेव्हा बोट टेकलं.

बोटाला कुंकू उरलं होतं.

"टेकवा," अक्का म्हणाली.

"नाव काय घेऊ?"

"बारसं कुठं झालं होतं, भाऊ. इंदी नुसतीच टेकवायची. लेकीले 'माय' म्हणायची मनात."

मी बोट टेकवलं. इंदूच्या बोटाच्या अगदी शेजारी, चिकटूनच लागलं. मग विचारलं. एवढ्या वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मला वाटायचं विचारलं तर इंदूला त्रास होईल. "अक्का, तुम्ही पाहिली होती ना? कोणासारखी होती?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. तिला हसू येत होतं का रडू, कळेना. "तुमच्यासारखी. गोरीपान, एवढुशी, आणि कान हे एवढाले. इंदी म्हणे, बाई गं, हिले सून कोण करीन!"

माझा हात आपसूक कानाला गेला.

मग मी उठलो. आमच्या गल्लीच्या टोकाला, देवळामागं, एक निंब अजून उभा आहे. महापालिकेच्या नजरेतून कसा सुटला देव जाणे. त्याला पोरींनी झोका बांधला होता. नव्या पातळातल्या, मेंदीच्या, चार-पाच जणी पाळी लावून उभ्या. मला येताना बघून एक खिदळली, "आबा, बसता का? आम्ही ढकलतो!" दुसरी म्हणाली, "आबा, कानाला कुंकू लागलंय तुमच्या."

"असू दे," मी म्हटलं. "पोरींनो, मला एक झोका सोडायचा आहे. नुसता. कोणी बसू नका."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांच्यातली जाणती होती ती पुढं आली, दोराला हात लावून मवाळपणानं म्हणाली, "आबा, रिकामा झोका हलवू नये म्हणते माझी आई."

मी फळीवर हात ठेवला. उन्हानं तापली होती. खांद्यावरचा पंचा काढून तिच्यावर घातला.

"रिकामा नाही बाई," म्हटलं, आणि ढकलला.